फ्रेंच व्याकरणाची मराठी वाट

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीलगतच्या कामगारवस्तीतील विद्यार्थी अकरावीत फ्रेंच घेतो, तेव्हा बहुधा तो मराठी सोडून ती घेत असतो. इंग्रजीच्या जोडीला मराठीसारखी भाषा किंवा फ्रेंच-जर्मनसारखी परकी भाषा निवडण्याची मुभा आहे, आणि गुणांचा हिशेब करणारी घरे तिचा उपयोग करतात. मराठी विभागांतून याविषयी हळहळ व्यक्त होते. पण या निवडीतील खरी विसंगती सहसा नोंदली जात नाही. जिच्यासाठी मराठी बाजूला ठेवली गेली, त्या फ्रेंचचे व्याकरण पुष्कळ ठिकाणी मराठीतूनच अधिक सहज उलगडते. वर्गात मात्र ते इंग्रजीच्या वळशाने शिकवले जाते.

षष्ठीच्या सर्वनामांचे उदाहरण पाहावे. 'तिचा भाऊ' हे फ्रेंचमध्ये 'सों फ्रेर', आणि 'त्याचा भाऊ' हेही 'सों फ्रेर'च. इंग्रजीत सर्वनामाचे लिंग मालकावरून ठरते. म्हणून इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी मालक स्त्री आहे हे पाहून 'सा फ्रेर' असे लिहितो. फ्रेंचमध्ये लिंग ठरते ते भावावरून. मराठी या दोहोंना सामावून घेते : 'तिचा'मधील 'ति' बहिणीकडे बोट दाखवतो, 'चा' भावाकडे. म्हणजे फ्रेंचला हवा असलेला अर्धा भाग मराठी विद्यार्थ्यापाशी बालपणापासून आहे. उरलेला अर्धा फक्त सोडून द्यायचा आहे. एवढे एक वाक्य वर्गात उच्चारले गेले, तर उत्तरपत्रिकेतील कितीतरी लाल खुणा वाचतील.

विशेषणांचेही असेच. 'काळा, काळी, काळे' म्हणणाऱ्याला विशेषण नामाप्रमाणे बदलते हे नव्याने पटवावे लागत नाही. 'लाल', 'सुंदर' अशी न बदलणारी विशेषणे मराठीत बरीच आहेत, फ्रेंचमध्ये थोडी. आणि मराठीतील नपुंसकलिंग तेथे नाही, त्यामुळे 'घर' स्त्रीलिंगी मानावे लागते. ही पाठांतराची बाब आहे, आकलनाची नव्हे. 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठीत ते घरातच शिकलेले असते. अर्थात आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या घरातील मुलाला, फ्रेंच मूल आज दोघांनाही 'त्यू' म्हणते, हे सांगावे लागेल. कर्मवाचक सर्वनामाचे स्थान तर विशेष लक्षणीय आहे : 'झ ल व्वा' याचा शब्दक्रम 'मी त्याला पाहतो' असाच आहे.

नकाराच्या बाबतीत 'न' आणि 'पा' या जोडीचे विद्यार्थ्यांना भय वाटते. 'पा'चा मूळ अर्थ पाऊल. एक पाऊलही न चालणे, अशा ठिकाणी जोर देण्यासाठी आलेला हा शब्द पुढे नकाराचेच चिन्ह बनला. 'तिळभरही नाही' म्हणणाऱ्या भाषेला यात परके काय आहे? 'कोणीच आले नाही' येथील 'कोणीच' आणि 'नाही' यांची सांगड 'पेर्सोन' आणि 'न' यांच्या सांगडीशी जुळते. तेथे आणखी 'पा' घालू नये, हे इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर उमगते.

पण सर्वांत मोठा लाभ तथाकथित अवघड प्रकरणात आहे. 'झे एक्री ला लेत्र' (मी चिठ्ठी लिहिली) येथे धातुसाधित बदलत नाही. 'ला लेत्र क झे एक्रित' (मी लिहिलेली चिठ्ठी) येथे ते स्त्रीलिंगी होते, कारण कर्म आधी आले. हा नियम खुद्द फ्रेंच लिहिणाऱ्यांनाही चकवतो. इंग्रजीतून तो केवळ लहरी वाटतो. मराठीत मात्र 'निबंध लिहिला', 'चिठ्ठी लिहिली', 'पत्र लिहिले' हा कर्मणी प्रयोग नित्याचा आहे. क्रियापदरूपाने कर्माचे लिंग घ्यावे, यात सातपूरच्या विद्यार्थ्याला काहीच विचित्र वाटण्याचे कारण नाही. फ्रेंच ते फक्त कर्म पुढे असतानाच का करते, एवढाच प्रश्न उरतो.

यावर दोन आक्षेप येतात. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवावी, हा पहिला. तो तत्त्वतः रास्त आहे. परंतु जेथे पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरणे इंग्रजीत असतात, तेथे तो केवळ मराठीपुरता लागू करणे हा दुजाभाव होय. विद्यार्थ्यांचे मराठी व्याकरणच कच्चे असते, हा दुसरा. कच्ची असते ती परिभाषा. 'कर्मणी प्रयोग' ही संज्ञा विसरलेला मुलगाही 'मी चिठ्ठी लिहिला' असे म्हणत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, हे खरे. पण तो विचार कोणत्याही इंग्रजी पुस्तकात होणार नाही.

झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. पदव्युत्तर वर्गांत त्याचा उल्लेख आदराने होतो. उलट दिशेचे काम, मराठीच्या पायावर रचलेले फ्रेंच व्याकरण, हे मराठी विभागांनी आपले मानलेले नाही. ते परकीय भाषांच्या शिक्षकांचे, असे समजून ते स्वस्थ आहेत. त्या शिक्षकांना मराठी प्रयोगविचाराची सामग्री पुरवणे, हे महाविद्यालयीन मराठी प्राध्यापकाला एका सत्रात जमण्याजोगे आहे. आरंभ 'तिचा भाऊ' येथून करता येईल.