तारीख चवीची आणि तारीख जिवाची
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, इच्छापोर असो की उधना, सुरतेत घारी या माव्याच्या मिठाईचे डबे घरोघरी फिरतात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसमोरही दुकानदाराने ‘बेस्ट बिफोर’ लिहिणे बंधनकारक झाले. चांगलेच झाले, पण ही तारीख मुळात चवीची हमी. २०२० च्या लेबल-नियमांनी पाकिटावर ‘एक्सपायरी’ सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवली, ती उगाच नाही. दोन्ही एकच समजून आपण ‘बेस्ट बिफोर’ उलटलेल्या कोरड्या शेवया सरळ कचऱ्यात टाकतो. पोरकिडे नाहीत, बुरशी नाही, कुबट वास नाही, तर त्यांची खीर खुशाल करावी.

मग नाकावरच भरवसा ठेवायचा का? हा आक्षेप रास्त आहे. स्टॅफिलोकोकस जिवाणूचे विष वासाला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. म्हणून माव्याच्या घारीला ही सवलत नाही. वरचा तुपाचा थर पांढराशुभ्र दिसला तरी उकाड्यात राहिलेला आतला मावा तारखेआधीच बिघडू शकतो. छापलेली तारीख नीट साठवण गृहीत धरते, आणि घरी नेमकी तीच हुकते. घारी आणली की फ्रिजमध्ये ठेवा. ‘एक्सपायरी’ उलटलेले मात्र, वास कितीही चांगला असो, फेकायचेच.