सोनं किती, घडणावळ किती?

आमच्या घराण्यात मी 'कॉम्प्युटरवाली' आहे. म्हणजे मी एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते एवढंच, पण त्यामुळे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत ज्याला म्हणून वायर आहे त्या प्रत्येक वस्तूबद्दल मला विचारलं जातं. सध्या हंगाम स्मार्टवॉचचा आहे. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं, "घेऊ का? एवढे पैसे घालण्यासारखं आहे का?" तिघांनाही फोनवर अर्धवट उत्तरं दिली. म्हटलं, आता एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

तिघांपैकी दोघांचं सोडा, ते हौसेने घेणार होते आणि त्यांनी घेतलंही. तिसरी माझी भाची. ती बंगलोरला असते, नोकरीला लागून दीड वर्ष झालंय. दादा, म्हणजे तिचे बाबा, येत्या मेमध्ये निवृत्त होतायत. तिला त्यांना ३५,००० रुपयांचं एक देखणं स्मार्टवॉच द्यायचंय. गोल तबकडी, स्टीलचा पट्टा, लांबून बघितलं तर अगदी जुन्या वळणाचं भारी घड्याळ वाटावं असं. दादाला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यामुळे तिचा प्रश्न नुसता घड्याळाचा नव्हता, हे मला लगेच कळलं.

तर आता माझं मत. पटलं तर घ्या.

सराफाकडे दागिना करायला टाकला की बिलात दोन आकडे असतात. सोन्याचा भाव आणि घडणावळ. वीस वर्षांनी दागिना मोडायला नेला तर सोन्याचे पैसे येतात, घडणावळीचे येत नाहीत. हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. म्हणून नक्षी कितीही आवडली तरी त्या आधी विचारायच्या, "सोनं किती, घडणावळ किती?"

स्मार्टवॉचचंही बिल असं फोडून बघायला हवं. एका डबीत दोन वस्तू असतात. एक दागिना: केस, काच, पट्टा, रूप. दुसरं मशीन: चिप, बॅटरी, सेन्सर, सॉफ्टवेअर. गंमत अशी की दागिना पंचवीस वर्षं टिकू शकतो आणि मशीन चार-पाच वर्षांत म्हातारं होतं. आणि मशीन गेलं की दागिनाही जातो, कारण काळ्या पडलेल्या काचेचं घड्याळ कोण मिरवणार?

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण खऱ्याखुऱ्या सोन्याचंच आहे. ॲपलने २०१५ मध्ये आपलं पहिलं घड्याळ आणलं, तेव्हा त्याची एक आवृत्ती १८ कॅरट सोन्याची होती. किंमत १०,००० डॉलरपासून १७,००० डॉलरपर्यंत. आत मात्र तेच मशीन, जे त्यांच्या सर्वांत स्वस्त, काहीशे डॉलरच्या घड्याळात होतं. २०१८ मध्ये ॲपलने घड्याळांसाठी नवं सॉफ्टवेअर आणलं, ते या पहिल्या पिढीवर चालत नव्हतं. झालं! तीन वर्षांत सोन्याचं घड्याळही मागे पडलं आणि साधंही. सोनं अजून सोनंच आहे, मोडीत घालता येईल. स्टीलवाल्यांना तेवढाही आधार नाही.

त्याच २०१५ साली टॅग हॉयर या स्विस कंपनीनेही १,५०० डॉलरचं स्मार्टवॉच काढलं होतं. त्याबरोबर त्यांनी एक योजना ठेवली होती: दोन वर्षांनी हे घड्याळ परत द्या, वर आणखी १,५०० डॉलर भरा आणि आमचं यांत्रिक कॅरेरा घड्याळ घेऊन जा. मला ही योजना फार प्रामाणिक वाटते. आमचं मशीन म्हातारं होणार, पण दागिना म्हणून तुम्ही पैसे दिलेत तर कायमचा दागिना घ्या, असंच कंपनी म्हणत होती ना?

बरं, फक्त वस्तूच म्हातारी होते असं नाही, कंपनीचाही भरवसा नसतो. 'पेबल' आठवतंय? २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून निघालेलं घड्याळ, एक कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली होती. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली, मालमत्ता फिटबिटकडे गेली आणि जून २०१८ मध्ये सर्व्हर थांबवले गेले. काही हौशी मंडळींनी आपले सर्व्हर उभे करून ती घड्याळं जिवंत ठेवली, पण सामान्य माणसाने कुठे या भानगडीत पडायचं? आणि देखण्या स्मार्टवॉचमध्ये ज्यांचं नाव पहिलं घेतलं जायचं ते फॉसिल! स्वतःच्या नावाने आणि मायकेल कॉर्स, डीझेल, एम्पोरिओ अरमानी अशा फॅशनवाल्यांच्या नावानेही ते स्मार्टवॉच बनवायचे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी हा धंदाच सोडला. विकलेल्या घड्याळांना आणखी काही वर्षं अपडेट देऊ म्हणाले, पण त्यापुढे काय?

याउलट दादाच्या मनगटावर लग्नातलं एचएमटी आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने तो कारखाना कायमचा मिटवला. पण म्हणून दादाचं घड्याळ थांबलं का? रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो, चालतं. बिघडलं तर बाजारपेठेतला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून दुरुस्त करतो. त्याला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

आता थोडं गणित. या घड्याळांची लिथियम बॅटरी चार्ज करून करून दमते. ॲपल स्वतः सांगते की त्यांच्या घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली असते. रोज एक पूर्ण चार्जिंग धरलं तर हे हजार पावणेतीन वर्षांत संपतात. नंतर घड्याळ चालतं, पण सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत मान टाकायला लागतं. बॅटरी बदलता येते, पण डबी सीलबंद असते, घड्याळजीचं काम नव्हे. म्हणून मी हिशोबाला चार वर्षं धरते. कुणाचं सहा चालेल, कुणाचं दोन.

३५,००० भागिले चार म्हणजे वर्षाला ८,७५०. रोजचे २४ रुपये. समजा ४,००० चं साधं स्मार्टवॉच घेतलं आणि ते दोनच वर्षं चाललं, तर वर्षाला २,०००, रोजचे साडेपाच रुपये. ८,००० चं सेलवर चालणारं चांगलं साधं घड्याळ पंधरा वर्षं चाललं, तर वर्षाला पाचशे-साडेपाचशे. सेलचा खर्च वेगळा, तो किरकोळ. म्हणजे किंमत दुकानात लिहिलेली असते ती नव्हेच. त्या किमतीला वर्षांनी भागल्यावर जे उरतं ती खरी किंमत.

इथे कुणीतरी म्हणेल, "मग फोनचं काय? तोही तीस हजारांचा आणि चार वर्षांत जातो." बरोबर आहे. पण फोन जे करतो ते घरातली दुसरी कुठलीच वस्तू करत नाही. घड्याळ जे करतं त्यातलं बरंचसं खिशातला फोन आधीच करतोय. पावलं मोजणं, मेसेज दाखवणं, गाणं बदलणं... त्याच कामाचे दोनदा पैसे देतोय का, हे बघायला हवं. (आणि रोजच्या १०,००० पावलांची एवढी चिंता करू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या 'मान्पो-केई' या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर'!)

राहता राहिली तब्येत. भाचीचा खरा प्रश्न इथे होता.

ठोके मोजण्याचं तंत्र साधं आहे. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश कमी होतो. त्या चढउतारावरून ठोके. हे काम चांगलं घड्याळ बऱ्यापैकी करतं. ईसीजीची सोय ॲपलने २०१८ मध्ये आणली आणि नंतर इतरांनीही. हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो एट्रियल फिब्रिलेशनचा प्रकार त्यातून लक्षात येऊ शकतो, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण घड्याळाचा ईसीजी एका लीडचा, दवाखान्यातला बारा लीडचा. घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, असं ॲपल स्वतःच लिहून सांगते.

बीपीची गोष्ट आणखी वेगळी. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय जिथे आहे, तिथे आधी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनने बीपी मोजून घड्याळाला शिकवावं लागतं, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. म्हणजे मशीन घरात हवंच! आणि साखर? दोन हजारांच्या घड्याळांच्या जाहिरातीत 'न टोचता शुगर' लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे चला. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की कातडीला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून कुणी गोळी किंवा इन्शुलिन कमीजास्त केलं तर जिवाशी खेळ.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती ऐकून घेते, पण हटत नाही. म्हणाली, "आत्या, मला ते सगळं कळतं. पण मला इथून दिसायला हवं ना, बाबा ठीक आहेत ते."

यावर मला पटकन बोलता आलं नाही. काळजी खरी आहे तिची. पण मग दादाला डोळ्यांसमोर आणलं. फोनचं चार्जिंग संपलंय हे त्याला शेजारी येऊन सांगतात. तो घड्याळ रोज रात्री काढून चार्जिंगला लावेल आणि सकाळी आठवणीने घालेल? ज्या दिवशी विसरेल त्या दिवशी इकडे तो मजेत भाजी निवडत बसलेला असेल आणि तिकडे हिचा जीव टांगणीला! शिवाय दादाचा फोन साधा अँड्रॉइड. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालू होत नाही. सॅमसंगची २०२१ नंतरची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. तेव्हा घड्याळ घेताना फोन कुठला हे आधी बघायचं, नाहीतर घोड्यासाठी तबेला घ्यावा लागतो.

मी तिला सुचवलं ते असं. दंडाचं बीपी मशीन घे, दोन-अडीच हजारांत चांगलं येतं. दर रविवारी बाबांना मोजायला सांग आणि आकडा त्यांनी स्वतः फोन करून तुला सांगायचा. एचएमटी साफ करून त्याला नवा पट्टा लावून दे. तरीही स्मार्टवॉच द्यायचं असेल तर सहा-सात हजारांपर्यंतचं, बॅटरी आठवडाभर टिकणारं दे, वापरतात का बघ. अर्थात पैसे तिचे, बाबा तिचे. ठरवणार तीच.

आता हौसेबद्दल. माझ्या जावेकडे गुलाबी सोनेरी रंगाचं महागडं स्मार्टवॉच आहे. निळ्या पैठणीवर निळा पट्टा, केशरीवर केशरी. तिला विचारलं ठोके किती, तर म्हणते, "काय माहीत, छान दिसतं ना?" मला तिचं उत्तर फार आवडतं. हौसेला मोल नसतं. दागिना म्हणून घ्या, दागिना म्हणून मिरवा, चार वर्षांनी जाणार हे माहीत असू द्या. माझा आक्षेप एवढाच, की हौसेचे तीस हजार तब्येतीच्या खात्यावर लिहू नका.

तसंच ज्यांना मशीनची खरी गरज आहे त्यांनी जरूर पैसे घालावेत. ठोक्यांची अनियमितता डॉक्टरांनी आधीच सांगितलेली माणसं, नेमाने पळणारे, फोनची रिंग ऐकू न येणारे पण मनगटावरची थरथर कळणारे, एकटे राहणारे आणि पडण्याची भीती असलेले. यांच्यासाठी ते रोजचे २४ रुपये स्वस्त आहेत. फक्त त्यांनी पैसे सेन्सरला द्यावेत, स्टीलला नव्हे.

दुकानात जाल तेव्हा एवढं विचारा:

१. सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार?
२. बॅटरी बदलून मिळते का, आणि कितीला?
३. माझ्या आत्ताच्या फोनला हे जोडलं जाईल का?
४. याच कंपनीच्या साध्या मॉडेलमध्ये हेच मशीन आहे का? असेल, तर वरचे पैसे निव्वळ घडणावळ.

चौथा प्रश्न विचारल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. असो.

तुमच्यापैकी कुणाकडे चार वर्षांहून जुनं आणि अजून रोज वापरात असलेलं स्मार्टवॉच असेल तर मला नक्की सांगा. कुठलं, बॅटरी किती टिकते, सगळं. गणितातला चारचा आकडा बदलावा लागला तर आनंदच आहे.