पंपाआधी माप घ्या

मोठ्या स्तनांच्या बाळंतिणीला दुधाची काय चिंता, असं आपल्याकडे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. सासूबाई म्हणतात, "हिला काय कमी आहे?" भेटायला आलेल्या बायका मान डोलावतात. मी साताऱ्यात एका प्रसूतिगृहात परिचारिका आहे. बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवणं हे माझं रोजचं काम. या समजापायी किती जणी मुकाट्यानं दुखणं सोसतात, ते मी जवळून पाहते. स्तन मोठा की लहान, हे बरंचसं त्यातल्या चरबीवर ठरतं. दूध तयार होतं ग्रंथींमध्ये, आणि ते टिकतं स्तन वरचेवर आणि नीट रिकामे झाले तर. लहान छातीची आई जुळ्यांना पुरून उरते आणि भरल्या छातीची आई दूध आटलं म्हणून रडते, हे दोन्ही आमच्या कक्षात घडतं.

नीट रिकामं होण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो तो पंपापाशी. बाळ पेटीत ठेवलेलं असेल किंवा आई कामावर रुजू होणार असेल, तर दूध काढून ठेवावं लागतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, पण छोट्या ठिकाणी काम करणाऱ्या अनेकींपर्यंत ती पोहोचत नाही. कापडाच्या दुकानात, छोट्या खासगी शाळेत, दवाखान्याच्या काउंटरवर काम करणाऱ्या मुली तिसऱ्या महिन्यात कामावर परततात. मग नवरा मेडिकलमधून किंवा ऑनलाइन पंप घेऊन येतो, आणि खोक्यात जे नरसाळं असेल तेच तिच्या स्तनाला लावलं जातं.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक ताई परत आली. साड्यांच्या दुकानात काम करणारी, बाळ तीन महिन्यांचं. स्तनाग्रांभोवती लाल वळ उठले होते आणि डाव्या स्तनात खालच्या बाजूला गाठ धरली होती. "सिस्टर, मशीन लावलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि बाटलीत पडतं ते दोन चमचे," ती म्हणाली. दुकानदारानं तिच्या नवऱ्याला सगळ्यात मोठं, 28 मिलिमीटरचं नरसाळं दिलं होतं. का, तर छाती मोठी आहे म्हणून. मी माप घेतलं तर तिचं स्तनाग्र 16 मिलिमीटर भरलं. पंप चालू झाला की स्तनाग्रासोबत भोवतीचा काळसर भागही नळीत ओढला जायचा आणि तिथंच आवळून बसायचा. दूध यायची वाटच दाबली जात होती. आत बसवायची सिलिकॉनची कडी मिळते, ती लावून आम्ही नरसाळं 18 वर आणलं. दुखणं तेव्हाच कमी झालं. दूध वाढायला काही दिवस गेले, पण वाढलं.

पंपाचं नरसाळं, ज्याला कंपन्या फ्लँज म्हणतात, ते स्तनाच्या आकारावर निवडायचं नसतं. ते निवडायचं स्तनाग्राच्या व्यासावर. साध्या मिलिमीटरच्या पट्टीनं बुडाशी आडवं माप घ्यायचं, काळसर भाग धरायचा नाही. माप दूध काढण्याआधी घ्यायचं, कारण नंतर स्तनाग्र सुजून थोडं मोठं दिसतं. नळी तेवढीच किंवा दोन-तीन मिलिमीटरनं मोठी हवी. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात, म्हणून दोन्हीकडे पट्टी लावायची, आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. बऱ्याच पंपांसोबत 24 मिलिमीटरचं एकच नरसाळं येतं. कुणाला ते सैल होतं, कुणाला घट्ट. घट्ट झालं तर स्तनाग्र नळीच्या भिंतीला घासतं आणि सोलवटतं. मोठ्या स्तनाचं स्तनाग्र लहान असू शकतं आणि लहान स्तनाचं मोठं, त्यामुळे नुसत्या नजरेनं अंदाज बांधता येत नाही.

माप जुळलं तरी जड स्तनांच्या आईचं सगळं काम होत नाही, आणि याबद्दल पंपाच्या माहितीपत्रकात सहसा एक ओळही नसते. तिचं स्तनाग्र खाली वळलेलं असतं, तिला स्वतःला ते दिसत नाही. एका हातानं स्तन उचलायचा, दुसऱ्या हातानं बाटली धरायची, यात नरसाळं तिरकं बसतं. वरची कड रुतते, खालची सुटते आणि खालच्या भागातलं दूध तसंच राहतं. त्या ताईची गाठ तिथंच होती. मी आमच्या बाळंतिणींना स्तनाखाली मऊ सुती कापडाची किंवा पंचाची गुंडाळी ठेवायला सांगते, म्हणजे भार हातावर येत नाही. समोर आरसा ठेवायचा. पाठ टेकून मागे रेलण्यापेक्षा किंचित पुढे झुकायचं. खेच सोसवेल तेवढीच ठेवायची. दुखलं की पान्हा फुटायचा थांबतो, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवल्यानं दूध जास्त येत नाही. ब्राच्या आत बसणारे नवे पंप जाहिरातीत सुटसुटीत दिसतात, पण जड स्तन त्या कपात दाबला जातो आणि स्तनाग्र मध्यावर आहे की नाही हे कळत नाही. काही नरसाळ्यांचा कोन 90 ऐवजी 105 अंशांचा असतो, ती भरल्या छातीला जास्त चांगली टेकतात. गाठ आली तर जोरात चोळू नये, त्यानं सूज वाढते. थंड शेक द्यावा, आणि ताप किंवा लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

काहींना वाटेल, पंप हवाच कशाला? हे मला निम्मं मान्य आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतलं चिकाचं दूध थेंबाथेंबानं येतं, ते हातानंच चांगलं निघतं. वाटीत काढून बोंडल्यानं किंवा चमच्यानं पाजता येतं. हातानं दूध काढायला प्रत्येकीला शिकवलंच पाहिजे, त्याला पैसे लागत नाहीत. पण दिवसातून दोन-तीनदा, दुपारच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत घाईनं दूध काढणाऱ्या बाईला चांगल्या पंपाची मदत नाकारायची कशासाठी? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. काढलेल्या दुधाचं मोल आपल्या राज्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आड येतो तो संकोच. मोठ्या स्तनांच्या मुलीला शाळेपासूनच ओढणी सावरायला, पाठीला पोक काढून चालायला शिकवलं जातं. बाळंतपणानंतर त्याच शरीराबद्दल तिनं अनोळखी दुकानदाराशी बोलावं, अशी अपेक्षा आपण करतो. ती बोलत नाही. पंप कपाटात जातो, डब्याचं दूध घरात येतं आणि "मलाच दूध कमी होतं" हे वाक्य ती जन्मभर मनात ठेवते. तिचं शरीर ठीकच असतं. न जुळणारं साधन तिच्या हाती दिलेलं असतं, आणि तेवढ्यासाठी बाळाचं दूध तुटतं.

बांगड्या भरताना कासार आधी हात दाबून पाहतो, मगच माप काढतो. शरीराच्या सगळ्यात नाजूक भागाला लावायचं यंत्र मात्र माप न पाहता खोकं बंद करून विकलं जातं. कंपन्यांनी प्रत्येक पंपासोबत कागदी मापपट्टी आणि किमान तीन मापांची नरसाळी द्यावीत, आणि वापराची माहिती मराठीत छापावी. मेडिकल दुकानांनी सुटी नरसाळी ठेवावीत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजण्याची सवड दिली. दुकानमालकांनी ती सवड दूध काढायलाही द्यावी, आणि कडी असलेलं दार व बसायला खुर्ची द्यावी. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उभे राहिले, तर कामाच्या ठिकाणी एक खोली अवघड नाही.

सगळ्यात आधी मात्र आमच्या रुग्णालयांनी बदलायला हवं. बाळाचं वजन, लशींची तारीख, टाक्यांची काळजी हे सगळं आम्ही डिस्चार्जच्या कागदावर लिहितो. त्याच कागदावर आईच्या दोन्ही स्तनाग्रांचं मिलिमीटरमधलं माप लिहावं, आणि पडदा ओढून, तिच्या परवानगीनं, एका परिचारिकेनं ते घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे. ते करायला कुठल्या सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. माझ्या कक्षात आम्ही ते सुरू केलं आहे. बाकीच्या प्रसूतिगृहांनीही उद्यापासून करावं.