आधी बल्ब, मग बॅटरी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी चारचाकी २०२१च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली. अभियांत्रिकीचे विद्यार्थीही ‘बाहा’सारख्या स्पर्धांसाठी दरवर्षी स्वतः गाड्या बांधतात. या हातांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र सांगाडा, इंजिन आणि ब्रेक यांवर महिनोन्‌महिने खपल्यावर वायरिंग घाईत उरकले जाते आणि ‘बघू, लागतंय का’ म्हणत थेट बॅटरी जोडली जाते. ही सवय मोडली पाहिजे.

बारा व्होल्टला सहसा झटका बसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण खरा धोका उष्णतेचा आहे. शॉर्ट झाल्यास गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. त्याने पातळ वायर काही सेकंदांत तापते, तिचे आवरण पेटते आणि जवळून पेट्रोलची नळी गेलेली असते. हे टाळण्यासाठीच फ्यूज असतो. तो बॅटरीजवळ असावा आणि वायरला सोसेल तेवढ्याच अँपिअरचा असावा. १०चा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३०चा हिरवा बसवला, तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

तपासणीची सुरुवात बॅटरी न जोडताच होते. सगळे फ्यूज आणि बल्ब काढून मल्टिमीटरने एकेक वायर बॉडीशी तपासावी. थंड बल्बचा रोध अगदी कमी असतो. तो जागेवर राहिला तर मीटर शॉर्ट दाखवतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

त्यानंतरची युक्ती जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनना चांगली ठाऊक आहे. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन क्लिपांनी जोडायचा आणि मगच बॅटरी लावायची. स्विच बंद असताना तो विझलेला राहिला तर ठीक. भगभगीत पेटला तर पुढे वायर बॉडीला टेकली आहे. अशा वेळीही त्या वाटेने पावणेदोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो, त्यामुळे काही जळत नाही. आता हार्नेस एकेका ठिकाणी हलवत जावे. जिथे बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथे दोष. बहुधा ती जागा पत्र्याच्या छिद्रात सापडते, जिथे रबरी ग्रोमेट बसवायचे राहून गेलेले असते.

बल्बची परीक्षा पार पडल्यावर एका वेळी एकच फ्यूज बसवून एकच सर्किट चालू करावे. ६० वॅटचा हेडलाइट सुमारे ५ अँपिअर घेतो. तो दहा मिनिटे चालू ठेवून जोडांना हात लावून पाहावे. जोड गरम लागला तर तो कच्चा आहे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि दिव्यापाशी १२ देखील नाहीत, तर अर्थिंगचा बोल्ट रंगावर बसला आहे का, ते आधी बघावे. शेवटी इंजिन चालू करून हीच तपासणी पुन्हा करावी, कारण उभ्या गाडीत टिकलेला जोड थरथरीने सुटतो.

काही नियम मोडूच नयेत. बॉडीला निगेटिव्ह जोडलेल्या गाडीत निगेटिव्ह टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे ठिणगी नकोच. हाताशी पावडरचे अग्निशामक, चटकन तोडता येईल असा मेन स्विच आणि सोबतीला एक माणूस हवा.

दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर झाले, असे होत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधील मार्गदर्शकांनी आणि गावोगावच्या गॅरेजमधील उस्तादांनी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी बल्बची ही तपासणी करायला लावावी. तिला लागतो तो एक बल्ब, दोन क्लिपा आणि अर्ध्या दिवसाचा धीर.