आकड्यांत हिरवी, फाटकापाशी बंद

राजधानी दिल्ली हिरवी आहे असे सरकारी आकडे सांगतात, आणि ते खोटे नाहीत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार दिल्लीचे सुमारे २५ टक्के क्षेत्र वन व वृक्ष आच्छादनाखाली आहे. मात्र एक हेक्टर वा अधिक क्षेत्राची आणि किमान दहा टक्के वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन वन आच्छादनात धरली जाते; तिची मालकी पाहिली जात नाही. साहजिकच रिजचे जंगल, लष्करी छावणी आणि मंत्र्यांच्या बंगल्यांची आवारे उपग्रहाला सारखीच दिसतात. हिरवळ किती, हे त्यातून कळते; ती कोणाच्या वाट्याला येते, हे कळत नाही.

हा दुसरा प्रश्न भौगोलिक माहिती प्रणालीने सोडवता येतो. उद्यानाभोवती वर्तुळ आखले की आतील सारी वस्ती लाभार्थी ठरते. प्रत्यक्षात मध्ये रेल्वेमार्ग, नाला वा भिंत असते आणि फाटक पलीकडे. म्हणून अंतर रस्त्याने मोजावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी चालत ४०० मीटर ही कसोटी आहे. असोला-भट्टी अभयारण्याला खेटून वसलेला संगम विहार नकाशावर हिरवाईच्या कुशीत दिसतो. पण अभयारण्य म्हणजे मुलांचे क्रीडांगण नव्हे, आणि ते तसे होऊही नये.

तंत्राची उणीव ही सबब आता उरलेली नाही. ‘अमृत’ योजनेत २०१५ पासून शहरांचे विकास आराखडे याच प्रणालीवर करण्याची तरतूद झाली. २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील निर्बंधही सैल केले. उणीव लोकसंख्येच्या आकड्यांची आहे. २०२१ ची जनगणना लांबल्याने २०११ च्या प्रभागवार नोंदींवर विसंबावे लागले, आणि त्यानंतर वाढलेल्या वस्त्या हिशेबाबाहेर राहिल्या.

खरी अडचण राजकीय आहे. एकूण टक्केवारीचे श्रेय प्रत्येक सरकारला घेता येते. फाटकापर्यंतचा नकाशा मात्र उपेक्षित प्रभागावर बोट ठेवतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये उद्याने व क्रीडांगणे हा विषय बाराव्या अनुसूचीत घातला. दिल्लीत मात्र ती विकास प्राधिकरण, महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात विभागली आहेत. चार मालकांच्या बागेला एकही उत्तरदायी माळी नसतो. त्यामुळे संसदेत यापुढे टक्केवारीऐवजी चालत जाण्याचे अंतर विचारले गेले, तरच या नकाशांना अर्थ येईल.