नाणं फिरतं राहिलं पाहिजे

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या मदतीने लपवलेली डबी शोधण्याचा खेळ. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगोलग ओरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली. पुढच्या वर्षी या डब्यांत खास पाडलेली नाणीही दिसू लागली. प्रत्येकावर वेगळा क्रमांक कोरलेला असतो. ज्याला नाणं सापडेल त्याने तो संकेतस्थळावर नोंदवायचा आणि नाणं पुढच्या डबीत सोडायचं, एवढाच नियम. ही नाणी दिसायला देखणी आणि मोजकीच पाडलेली, त्यामुळे ती अल्बमात जाऊन बसतात. स्वतः विकत घेतलेलं नाणं कुणी जपून ठेवलं तर त्याला कोण बोलणार? पण सापडलेलं नाणं खिशात घालणं हा छंद नव्हे, ती सरळ चोरी आहे. कारण ते हातात कुणाच्याही असलं तरी मालकी ज्याने ते प्रवासाला सोडलं त्याचीच राहते. शिवाय त्याची खरी किंमत धातूत नसून एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत मोजत गेलेल्या अंतरात आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की नाणी गहाळ होतात, मग सोडायची कशाला? गहाळ होतात हे खरंच. म्हणूनच बरेच मालक अस्सल नाणं घरी ठेवून त्याच क्रमांकाचं लॅमिनेट केलेलं कार्ड फिरवतात, आणि ही युक्ती अगदी रास्त आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. भारतात सार्वजनिक जागी बेवारस डबी दिसली की पोलीस येणारच, आणि यायलाच हवेत. चेन्नईतला सेंट थॉमस माउंट घ्या. भूमापक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये या टेकडीच्या पायथ्याजवळ शंभर फुटी पोलादी साखळी अंथरून सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. उन्हाने पोलाद प्रसरण पावतं, म्हणून तापमानही टिपून ठेवलं. पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या मोजणीचा हा पाया. आणि ती पुढे नेता नेता लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. भूमापनावर उभ्या असलेल्या या खेळाला याहून मोलाची जागा शोधून सापडणार नाही! पण जवळच विमानतळ आणि लष्कराची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. तिथे डबी पुरणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

मात्र नाण्याला डबी लागतेच असं नाही. छांदिष्टांच्या मेळाव्यात ते हातोहात देता येतं, किंवा नुसतं पाहून ‘पाहिलं’ अशी नोंद करता येते. फक्त क्रमांकाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये, नाहीतर नाणं डोळ्यांनी न पाहिलेले लोकही घरबसल्या नोंदी करतात. तेव्हा चेन्नईतल्या छांदिष्टांनी डब्यांचा हट्ट सोडून मेळावे भरवावेत, आणि ज्यांच्या कपाटात दुसऱ्याचं नाणं पडून आहे त्यांनी ते येत्या मेळाव्यात घेऊन यावं.