तीन वर्षांनी शटर उघडे आहे का?

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये वेल्डिंगचे दुकान टाकणाऱ्या पोराला पहिला धडा गिऱ्हाईक देते. गेटचा भाव किलोवर सांगायचा, तर कापताना वाया जाणारे लोखंड, वीज, रॉड आणि मदतनिसाची मजुरी त्यात कशी बसवायची? गेट नेणारा शेतकरी म्हणतो, ‘साखर कारखान्याचे पेमेंट झाले की देतो.’ तोवर लोखंडवाल्याला काय द्यायचे? आयटीआयमध्ये ‘रोजगार कौशल्ये’ या विषयात उद्योजकता शिकवतात. परीक्षा मात्र बहुपर्यायी प्रश्नांची. चारांतला योग्य पर्याय ओळखला म्हणजे उधारीचा हा हिशेब जमला, असे होत नाही.

असा धंदा टाकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून सुरू आहे. त्यात ग्रामीण उद्योगाला 25 ते 35 टक्के अनुदान मिळते, पण ते बँकेत 3 वर्षे राखून ठेवतात. उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच ते कर्जात वळते होते. पैशाची पारख करायला सरकार 3 वर्षे थांबते आणि शिक्षणाची पारख निकालाच्या दिवशी उरकते. हे आम्हाला मान्य नाही.

केज तालुक्यातली कितीतरी घरे दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. अशा घरातल्या मुलाने या योजनेच्या कर्ज प्रकरणात स्वतःचा 5-10 टक्के वाटा कुठून आणायचा? तो पुण्याजवळच्या चाकणच्या कंपनीत लागला तर ते अपयश नव्हे. पण मनाने गेला, की भांडवलाअभावी गेला, याची नोंद कुठेतरी हवी.

आणि भीतीचीही. 9 डिसेंबर 2024 रोजी याच तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी ती जोडलेली असल्याचे आरोपपत्र सांगते. ज्यांनी हे जवळून पाहिले, त्या मुलांना धंदा वाढवण्याची धास्ती वाटते का, हे विचारल्याशिवाय इथले मूल्यमापन खरे होणार नाही. उत्तर ‘होय’ आले, तर तो दोष आयटीआयच्या निदेशकाचा नाही; त्याचा जाब पोलीस आणि प्रशासनाने द्यायचा आहे.

म्हणून प्रत्येक आयटीआयने 3 वर्षांपूर्वीच्या तुकडीची यादी काढावी. निदेशकांनी एकेकाला फोन लावावा, जमेल तिथे दुकानावर जावे: शटर उघडे आहे का, वही कोण लिहितो, उधारी किती अडकली, हप्ता वेळेवर जातो का. त्यासाठी त्यांना वेळ आणि प्रवासखर्च शासनाने द्यावा. यंदाचा निकाल फलकावर लागेल, तेव्हा त्याच्या शेजारी या पाहणीचा कागदही लागला पाहिजे.